मनाचा ताण : दिनचर्या आणि सर्पगंधा

हल्लीं शहरांतील बहुतेक घरांत एक तक्रार वरचेवर ऐकूं येते. शरीरांत नांव घेण्याजोगा रोग नसतो. परंतु रात्रीं झोंप लागत नाहीं, अन्न रुचत नाहीं, छातींत धडधडतें, क्षुल्लक कारणावरून संताप येतो, आणि सकाळीं अंथरुणांतून उठतांनाच मनुष्य थकलेला असतो. ह्या अवस्थेस आपण 'ताण' म्हणतों. तिच्यावर उपाय विचारला तर शेजारीपाजारी एखाद्या वनस्पतीचें नांव सांगतात आणि वर 'नैसर्गिकच आहे, घेऊन पाहा. अपाय तर नाहीं ना?' अशी पुस्तीही जोडतात. श्रोतेहो, ह्या सल्ल्याच्या मागें मोठा इतिहास आहे. आणि तो ऐकल्यावर हा सल्ला अर्धाच कां, हें आपल्या ध्यानांत येईल.

प्रथम शब्दाविषयीं. १९१५ सालीं हार्वर्ड विद्यापीठाचे शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनीं भय, क्रोध, भूक आणि वेदना यांमुळें शरीरांत होणाऱ्या बदलांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. संकट समोर दिसतांच मूत्रपिंडांच्या माथ्यावरील ग्रंथींतून एक रस रक्तांत उतरतो, हृदय जलद चालूं लागतें, पचनाचें काम मंदावतें आणि स्नायूंना रक्ताचा पुरवठा वाढतो. लढावें किंवा पळावें, ह्यासाठीं शरीरानें केलेली ही सिद्धता होय. पुढें १९३६ सालीं मॉन्ट्रियल येथील हान्स सेली यांनीं उंदरांवरील प्रयोगांचें एक छोटेखानी टिपण छापलें. थंडी, इजा, अतिश्रम किंवा विषारी द्रव्य, कारण कोणतेंही असो, उंदरांच्या शरीरांत बदल मात्र त्याच जातीचे होत : त्या ग्रंथी फुगत आणि जठरांत व्रण पडत. पहिली अवस्था धोक्याच्या सूचनेची, दुसरी प्रतिकाराची आणि तिसरी थकून जाण्याची, असा क्रम त्यांनीं दाखविला. आज आपण 'ताण' म्हणतों ती कल्पना मुख्यतः ह्या दोघांच्या कार्यांतून उभी राहिली. वाघ दिसल्यावर पळावें आणि वाघ गेल्यावर विसावावें, ह्यासाठीं जी यंत्रणा आहे ती कचेरीच्या साहेबासाठीं आणि घरभाड्याच्या चिंतेसाठीं दिवसेंदिवस चालूं ठेवली, म्हणजे शरीर झिजतें.

शब्द नवा असला तरी व्यथा नवी नाहीं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत निरनिराळ्या बाबतींत श्रेष्ठ काय, याची एक लांबलचक यादी आहे. तींत रोग वाढविणाऱ्या गोष्टींमध्यें विषादाला अग्रस्थान दिलें आहे. त्याच ग्रंथांत वेगांविषयींचा एक विवेक आहे. मलमूत्र, शिंक, भूक, तहान, झोंप इत्यादि शरीराचे वेग दाबूं नयेत, असें चरक सांगतो; आणि लगेच पुढें, लोभ, शोक, भय, क्रोध, मत्सर हे मनाचे वेग मात्र आवरावे, असेंही सांगतो. आपण बहुधा नेमकें उलट करतों. काम आटोपावें म्हणून झोंप आणि भूक दाबतों, आणि रागाला मात्र मोकळें सोडतों.

परंतु ह्या परंपरेचा खरा गाभा पाहावयाचा असेल तर वाग्भटाच्या अष्टांगहृदयाकडे वळलें पाहिजे. ह्या ग्रंथाचें महाराष्ट्राशीं नातें जवळचें आहे. देवळांच्या बांधणीमुळें ज्याचें नांव आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे, तो देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्रि ऊर्फ हेमाडपंत यानें तेराव्या शतकांत ह्या ग्रंथावर 'आयुर्वेदरसायन' नांवाची टीका रचली. राज्याच्या जमाखर्चाचा आणि दप्तराचा भार वाहणाऱ्या पुरुषास वैद्यकावर टीका लिहावीशी वाटली, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. पुढें १८८० सालीं डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनीं मुंबईंत ह्या ग्रंथाची छापील आवृत्ति काढली, आणि पोथ्यांतील विद्या छापखान्यांत आली.

अष्टांगहृदयाची रचनाच मोठी बोलकी आहे. वाग्भट पहिल्या अध्यायांत शास्त्राची रूपरेषा देतो आणि त्याच्या ओघांत मनाच्या दोषांवर सर्वांत मोठें औषध कोणतें तेंही सांगतो : बुद्धि, धैर्य आणि आत्म्यादिकांचें ज्ञान. दुसरा अध्याय उघडतो तो दिनचर्येवर. तिसरा ऋतुचर्येचा, चौथा वेगांच्या विवेकाचा. रोगांवरील औषधांच्या पाठांपर्यंत पोहोंचण्यापूर्वीं वाचकाला आधीं आपला दिवस, मग आपलें वर्ष आणि मग आपलें मन नीट लावावें लागतें. पहांटे उठणें, दांत घासणें, अंगाला तेल लावणें, व्यायाम, स्नान, आधींचें अन्न जिरल्यावरच हितकर आणि बेताचें भोजन, आणि त्यापुढें लोकांशीं कसें वागावें याचे नियम, असा हा क्रम आहे. कोणावर आंधळा विश्वास टाकूं नये, पण सर्वांचा संशयही धरूं नये. इंद्रियांचे फाजील लाड करूं नयेत, पण त्यांना छळूंही नये. वैद्यकाच्या ग्रंथांत हीं वाक्यें कशाला, असें आजच्या वाचकास वाटेल. वाग्भटाला तो प्रश्न पडला नाहीं. कारण त्याच्या दृष्टीनें मनाची घडी हा आरोग्याचाच भाग होता.

येथें कोणी म्हणेल, कीं हें सर्व सावकारांसाठीं आणि संस्थानिकांसाठीं. सकाळीं सातची लोकल गांठणाऱ्यानें अभ्यंग केव्हां करावा? ही शंका रास्त आहे. दिनचर्येचा अध्याय सुखवस्तु गृहस्थ डोळ्यांपुढें ठेवून लिहिला आहे, यांत संशय नाहीं. तथापि त्यांतही सोय ठेवलेली आढळते. तेल लावतांना डोकें, कान आणि पाय यांच्याकडे विशेष लक्ष द्यावें, असें वाग्भट सांगतो; आणि व्यायाम तर बलवानानेंही थंडींत आणि वसंतांत अर्ध्याच शक्तीनें व इतर ऋतूंत त्याहूनही कमी करावा, असें बजावतो. म्हणजे ग्रंथाचा भर पराक्रमावर नसून नेमावर आहे. पावसाळ्यांतल्या रात्रीं पायांच्या तळव्यांना तेल चोळून मुलांना निजविणाऱ्या आज्या ह्याच परंपरेंतल्या.

आणि चरकानें तर ह्याच्याही पुढचें पाऊल टाकलें आहे. रसायन म्हणजे शरीर-मनाला बल देणारीं, वार्धक्य दूर ठेवणारीं औषधें. त्यांचें वर्णन करतां करतां चिकित्सास्थानाच्या पहिल्या अध्यायाच्या शेवटच्या पादांत चरक आचाररसायन सांगतो. जो सत्य बोलतो, रागावत नाहीं, अतिश्रम करीत नाहीं, ज्याचें जागणें आणि निजणें प्रमाणांत आहे, जो नित्य दूधतूप सेवन करतो आणि वडीलधाऱ्यांच्या सेवेंत राहतो, तो नित्य रसायन सेवन करीत आहे असें समजावें, असा त्याचा आशय आहे. वनस्पतींच्या यादीच्या शेजारीं, त्यांच्याच मानानें, वागणुकीला औषध म्हटलें आहे.

आतां दुसऱ्या बाजूची कथा. कण्हेरीच्या कुळांतील, गुडघा-मांडीपर्यंत वाढणारें एक लहानसें झुडूप हिमालयाच्या पायथ्यापासून आसामपर्यंत आणि सह्याद्रीच्या ओलसर रानांतही उगवतें. पांढरट फुलें, तांबडे देंठ आणि सापासारखी वळणें घेत गेलेली कडू मुळी. तिचें नांव सर्पगंधा. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ प्लूम्ये यानें १७०३ सालीं ह्या वर्गाला सोळाव्या शतकांतील आउग्सबुर्गचा वैद्य लेओनहार्ड राउवोल्फ याचें नांव दिलें. हा राउवोल्फ पूर्वेकडे इराकपर्यंत हिंडला, पण हिंदुस्थानांत त्यानें कधीं पाऊल ठेवलें नव्हतें ! इकडे बिहार-बंगालकडे ह्या मुळीचा लौकिक ग्रंथांपेक्षां लोकांच्या तोंडीं अधिक होता. 'पागल की दवा' हेंच तिचें नांव पडलें होतें. चवताळलेल्या वेड्याला आणि झोंप न येणाऱ्या माणसाला ती देत.

१९३१ साल हें ह्या मुळीच्या भाग्योदयाचें साल. दिल्लीच्या आयुर्वेदिक व युनानी तिब्बी कॉलेजांत सलीमुज्जमान सिद्दीकी यांनीं तिच्यांतून कित्येक क्षार वेगळे काढले, आणि त्यांपैकीं एकाला कॉलेजचे संस्थापक हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ 'अजमलीन' असें नांव दिलें. त्याच वर्षीं कलकत्त्याचे कविराज गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनीं, ही मुळी उन्माद आणि रक्तदाब ह्या दोहोंवरही गुणकारी असल्याचें प्रसिद्ध केलें. एक हकीमांच्या छत्राखालचा रसायनशास्त्रज्ञ, एक कविराज आणि एक पाश्चात्य पद्धतीचा डॉक्टर, अशा तिघांचे हात एका मुळीला एकाच वर्षीं लागावेत, हा योग विरळाच. लवकरच कर्नल रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं कलकत्त्यांत तिच्या गुणांचा प्रयोगशाळेंत तपास केला.

परंतु जगाचें लक्ष वेधलें गेलें तें मुंबईमुळें. १९४९ सालीं मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं रक्तदाबाच्या ५० रोग्यांवर सर्पगंधेचा प्रयोग करून त्याचा वृत्तांत 'ब्रिटिश हार्ट जर्नल' मध्यें छापला. त्या काळीं रक्तदाबावर हुकमी औषध जवळजवळ नव्हतेंच. तो वृत्तांत वाचून युरोप-अमेरिकेंतील प्रयोगशाळा कामाला लागल्या. १९५२ सालीं स्वित्झर्लंडमधील बाझल येथें सीबा कंपनीच्या म्युलर, श्लिट्लर आणि बाइन यांनीं मुळीचें मुख्य सत्त्व वेगळें काढलें, तेंच रेझर्पीन. १९५४ सालीं न्यू यॉर्क प्रांतांतील रॉकलंड येथल्या मनोरुग्णालयांतून नेथन क्लाइन यांनीं त्याचा मनोरुग्णांवरील परिणाम प्रसिद्ध केला. १९५६ सालीं वुडवर्ड यांनीं तें सत्त्व प्रयोगशाळेंत मुळीशिवाय घडवून दाखविलें. १९५७ सालीं वकील यांना अमेरिकेंतील प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार मिळाला. त्या काळांत मन शांत करणाऱ्या औषधांचा जो नवा वर्ग उदयास आला, त्याच्या अग्रभागीं हिंदुस्थानांतली ही मुळी होती.

ह्या यशाचा अभिमान अवश्य बाळगावा. १९६७ सालीं अमेरिकेंतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांनीं केलेल्या एका प्रसिद्ध चाचणींत, फार वाढलेला रक्तदाब औषधांनीं उतरविला तर मोठीं संकटें टळतात, हें निःसंशय ठरलें. आणि त्या औषधांच्या मिश्रणांत रेझर्पीन होतें. किती माणसें त्यामुळें वांचलीं असतील !

तथापि कथा येथें संपत नाहीं. मनोरुग्णालयांत मोठ्या मात्रा दिल्या जाऊं लागल्या, तसे कांहीं रोग्यांचे हातपाय कंपवाताच्या रोग्याप्रमाणें ताठ होऊं लागले. नाक चोंदणें, अतिशय सुस्ती, नाडी मंद होणें, जठरांतील व्रण बळावणें, अशा तक्रारी नोंदल्या गेल्या. त्यांहूनही गंभीर बातमी अशी आली, कीं कांहीं रोगी औषध घेतां घेतां खोल खिन्नतेंत बुडाले. औषधाचा आणि खिन्नतेचा संबंध किती निकट, यावर पुढें शास्त्रज्ञांत मतभेद झाले आणि जुन्या नोंदींची फेरतपासणीही झाली. परंतु डॉक्टर सावध झाले ते झालेच. १९५५ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं दाखविलें, कीं रेझर्पीन मेंदूंतील सेरोटोनिन ह्या द्रव्याचा सांठाच रिता करतें. १९५७ सालीं स्वीडनचे आर्व्हिड कार्लसन यांनीं रेझर्पीननें निश्चल पडलेल्या सशांना डोपा नांवाचें द्रव्य टोंचलें, आणि ते ससे पुन्हा हिंडूं लागले. ह्या वाटेनें कंपवाताच्या कारणाचा उलगडा झाला, आणि २००० सालीं कार्लसन यांना नोबेल पारितोषिक मिळालें. इकडे नवीं औषधें आलीं आणि रेझर्पीन हळूहळू मागें पडलें. मुळी खणून खणून रानांतलीं झुडपें इतकीं विरळ झालीं, कीं १९९० पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण घालावें लागलें.

सर्पगंधेचा दोष काढावा म्हणून ही हकीकत मी सांगत नाहीं. जें द्रव्य मेंदूंतला सांठा रिता करूं शकतें तें दुबळें नव्हे. आणि जें दुबळें नव्हे तें निरुपद्रवी असणार कसें? बाटलींतलें काय आणि रानांतलें काय, गुण करण्याची शक्ति आणि अपाय करण्याची शक्ति ह्या एकाच मुळीच्या दोन शाखा आहेत. चरकालाही हें ठाऊक होतें. युक्तीनें दिलेलें तीक्ष्ण विषही औषध होतें आणि युक्तीवांचून दिलेलें औषधही विष ठरतें, असा इषारा त्यानें देऊन ठेवला आहे. 'नैसर्गिक आहे, अपाय नाहीं' हें वाक्य आधुनिक शास्त्राचें नाहीं, तसेंच तें आयुर्वेदाचेंही नाहीं.

आज सर्पगंधेची जागा अश्वगंधेनें घेतली आहे. वनस्पतिशास्त्राच्या लॅटिन नांवांत तिला झोंप आणणारी म्हटलें आहे. तिच्यावर अलीकडे कांहीं चाचण्या झाल्या. त्या लहान आहेत, कांहीं आठवड्यांपुरत्या आहेत, आणि चिंता व निद्रानाश यांत बेताचा उतार पडतो असें त्यांतून दिसतें. पण त्याचबरोबर यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही निरनिराळ्या देशांतून आल्या, आणि २०२३ सालीं डेन्मार्कनें तिच्यावर बंदी घातली. गर्भवतींनीं ती घेऊं नये. गलग्रंथीच्या विकाराचीं किंवा झोंपेचीं औषधें चालूं असणाऱ्यांनीं डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊं नये. ब्राह्मीची गोष्ट आणखी निराळी. ह्या एका नांवाखालीं दोन अगदीं भिन्न वनस्पती विकल्या जातात, एक पाणथळींतली जलब्राह्मी आणि दुसरी मंडूकपर्णी; तेव्हां पुडींत काय आहे हें नांवावरून समजत नाहीं.

मग दिनचर्येचें काय झालें ? मुळीचा सर्व जगभर बोलबाला झाला त्याच शतकांत, सह्याद्रीच्या माथ्यावर, दुसऱ्या अर्ध्या सल्ल्याचाही तपास चालूं होता. १९२४ सालीं स्वामी कुवलयानंद यांनीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें, आणि आसनें व प्राणायाम करतांना रक्तदाबावर आणि श्वासावर काय परिणाम होतो, तें यंत्रांनीं मोजण्यास प्रारंभ केला. त्यांच्या 'योगमीमांसा' त्रैमासिकांत त्या मोजमापांचे वृत्तांत छापले जात. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं आपल्या संस्थानच्या शाळांतून सूर्यनमस्कार सुरू केले तेही त्याच सुमारास. ह्या कामाला लास्कर पुरस्कार लाभला नाहीं. कारण नेमाचें सत्त्व काढून त्याची गोळी करतां येत नाहीं, आणि ज्याची गोळी होत नाहीं त्याची जाहिरातही होत नाहीं.

परंतु पुढील शास्त्रानें ह्या बाजूला पुष्कळ बळकटी दिली. २००१ सालीं इटलींतील पाव्हिया येथील बर्नार्डी आणि त्यांचे सहकारी यांनीं २३ निरोगी माणसांवर एक प्रयोग केला. ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना असो वा बौद्ध मंत्र असो, दोहोंच्याही पठणानें श्वास मिनिटास सुमारें सहावर येतो आणि रक्तदाब सांवरून धरणारी शरीराची यंत्रणा अधिक दक्ष होते, असें त्यांना आढळलें. २०१७ सालचें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक, पेशींमध्यें चालणाऱ्या दिवसरात्रीच्या घड्याळाचा उलगडा करणाऱ्या तिघां संशोधकांना मिळालें. कॅनन यांनीं ज्या ग्रंथींचें वर्णन केलें, त्यांतलाच कॉर्टिसॉल नांवाचा दुसरा एक रस रोज पहांटे वाढतो आणि रात्रीं उतरतो. झोंपण्या-उठण्याची वेळ रोज बदलली तर हें घड्याळ बिघडतें. वाग्भटाची शरीराची कल्पना निराळी होती आणि त्याच्या प्रत्येक नियमाला आजच्या शास्त्राचा आधार आहे असेंही नाहीं. परंतु दिवसाला ठराविक घडी असावी, हा त्याचा आग्रह व्यर्थ नव्हता.

तेव्हां ह्या इतिहासावरून घरीं काय करावें ? उठण्याची वेळ ठरवावी आणि ती सुट्टीच्या दिवशींही पाळावी. सकाळच्या उजेडांत थोडें चालावें किंवा नमस्कार घालावे, आणि दम लागण्यापूर्वीं थांबावें. जेवण वेळेवर आणि शांतपणें घ्यावें. दुपारनंतर चहा-कॉफी टाळावी. दिवसांतून दहा मिनिटें सावकाश श्वास घेत बसावें. ज्याला जप आवडतो त्यानें जप करावा. रात्रीं दिवा मालवण्याची वेळ ठेवावी, आणि उशापाशीं कामाचे कागद वा हातांतला फोन घेऊन निजूं नये. एखादी वनस्पति घ्यावयाचीच असेल तर ती जाणत्या वैद्याच्या वा डॉक्टरांच्या सल्ल्यानें, चालूं असलेलीं सर्व औषधें त्यांना सांगून घ्यावी. आणि रक्तदाबाची गोळी कोणाच्याही सांगण्यावरून आपल्या मनानें बंद करूं नये. झोंप कित्येक आठवडे उडाली असेल, जगण्यांत राम वाटत नसेल, जीव नकोसा होत असेल, तर दिनचर्या सुधारण्याची वाट न पाहतां त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें आणि घरच्यांनींही त्याला एकटें सोडूं नये.

आणि घरांतील कर्त्या माणसांना एक विनंती. दिनचर्या ही एकट्यानें पाळण्याची गोष्ट नाहीं. ज्या घरांत रात्रीं अकरापर्यंत हिशेब, भांडीं आणि भांडण चालूं असतें, तेथें एकानें लौकर निजावें म्हटलें तरी निजतां येत नाहीं. आणि बहुधा सर्वांच्या शेवटीं निजून सर्वांच्या आधीं उठण्याची पाळी घरांतल्या बाईवरच येते. तिच्या झोंपेची वेळ आधीं ठरवा. बाकीच्यांची घडी त्या मागोमाग बसवितां येईल.